अपडेट झालं आणि ऑफिसचे मेल थांबले? घाबरू नका, आधी रांग बघा

सोमवारची सकाळ. समजा, तुम्ही डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडून, ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग लावून वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात पोचलात. चहा आला, कॉम्प्युटर सुरू झाला, पण इनबॉक्समधला शेवटचा मेल शनिवारी रात्रीचा. त्यानंतर काहीच नाही. तिकडे पार्टी फोनवर ओरडतेय, "ऑर्डर कालच मेल केलीये, तुमचं उत्तर कुठाय?" ऑफिसचा आयटीवाला अजून कल्याणला गाडीत आणि फोनवर एवढंच म्हणतोय, "मी काही नाही केलं हो, फक्त अपडेट मारलं."

हे 'फक्त अपडेट' काय करू शकतं, त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १ जानेवारी २०२२ चं आहे. त्या दिवशी जगभरातल्या कित्येक ऑफिसांचे मेल एकाच वेळी अडकले आणि ते सोडवायला शेवटी कॅलेंडरमध्ये नसलेली तारीख वापरावी लागली. ३३ डिसेंबर!

तो किस्सा नेमका काय होता, अशा वेळी मेल जातात कुठे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायला काय करायचं, काय टाळायचं, हेच आज समजून घेऊ.

आधी मेल सर्व्हर म्हणजे काय ते बघू

आपल्याला वाटतं मेल सर्व्हर म्हणजे एक सॉफ्टवेअर. प्रत्यक्षात ती तीन-चार जणांची टीम असते. आपल्या सोसायटीसारखं समजा.

गेटवर वॉचमन असतो. बाहेरून आलेलं टपाल घेणं आणि आतलं बाहेर पाठवणं हे त्याचं काम. लिनक्सच्या सर्व्हरवर हे काम बऱ्याचदा पोस्टफिक्स करतं. आत जिन्याखाली प्रत्येक फ्लॅटची पत्रपेटी असते. त्या पेट्या सांभाळायचं आणि तुमचं टपाल तुमच्याच हातात द्यायचं काम डव्हकॉट करतं. तिसरा माणूस टपालात व्हायरस किंवा स्पॅम आहे का ते तपासतो. चौथा बाहेर जाणाऱ्या मेलवर सही-शिक्का मारतो, म्हणजे समोरच्या सर्व्हरला खात्री पटते की मेल खरंच तुमच्याकडून आला. या सहीला डीकिम म्हणतात. आणि वॉचमनकडे एक रजिस्टर असतं, त्यात कोण कधी आलं-गेलं सगळं लिहिलेलं असतं. हा सर्व्हरचा लॉग.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये यातली बरीचशी माणसं एकाच पॅकेजमध्ये येतात, पण कामं तीच.

आता लक्षात घ्या, अपडेट या चौघांपैकी एकाचंच झालं तरी काम सगळ्यांचं अडतं. कारण टपाल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं.

३३ डिसेंबरचा किस्सा

तर झालं असं की, एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ मध्ये मेल तपासणारं एक इंजिन असतं. व्हायरस रोज नवे येतात, त्यामुळे या इंजिनाला आपोआप अपडेट्स मिळत राहतात. प्रत्येक अपडेटला एक नंबर असतो आणि तो तारखेवरून बनतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी चार आकडी क्रमांक.

१ जानेवारी २०२२ चा नंबर झाला २२०१०१०००१.

दिसायला साधा आकडा. पण प्रोग्रामने हा नंबर ठेवायला जो कप्पा वापरला होता, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढाच आकडा मावतो. २०२१ चे सगळे नंबर २१ ने सुरू होत होते, ते मावत होते. वर्ष बदललं, आकडा २२ ने सुरू झाला आणि कप्प्याबाहेर गेला. इंजिन सुरूच होईना. इंजिन नाही म्हणजे तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणजे मेल पुढे जाणार नाही. सगळे मेल रांगेत उभे.

जागतिक वेळेप्रमाणे वर्ष बदललं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि वार होता शनिवार. थर्टी फर्स्टची रात्र संपवून लोक नुकते झोपलेले. इथे कुणी साधं 'अपडेट' हे बटणसुद्धा दाबलं नव्हतं. अपडेट स्वतःहून आलं होतं.

सुरुवातीला सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एक तात्पुरता उपाय केला. तपासणी बंद करायची आणि मेल वाहून नेणारी सर्व्हिस रीस्टार्ट करायची. मेल सुटले, पण विनातपासणी. मग मायक्रोसॉफ्टने एक स्क्रिप्ट दिली. ती जुनं इंजिन काढून नवं उतरवून घ्यायची. या नव्या इंजिनाचा नंबर होता २११२३३०००१. वर्ष २१, महिना १२, तारीख ३३. म्हणजे '३३ डिसेंबर २०२१'. आकडा कप्प्यात मावला आणि मेल चालू झाले. अशी तारीख नसते हे लोकांनी लगेच पकडलं. त्यावर कंपनीचं म्हणणं होतं की काळजीचं कारण नाही, हे इंजिन अधिकृतच आहे.

या किश्श्यातून घ्यायची गोष्ट अशी की मेल हरवले नव्हते, ते थांबले होते. आणि नेमकं काय बिघडलं ते सर्व्हरच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं होतं. २२०१०१०००१ हा आकडा वाचता येत नाही, असंच तिथे दिसत होतं. ज्यांनी ती ओळ वाचली त्यांना कारण काही मिनिटांत कळलं. ज्यांनी न वाचता सर्व्हर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केला, त्यांचा सकाळचा वेळ गेला.

मेल थांबतो, पण किती दिवस?

ईमेलचे नियम १९८२ मध्ये ठरले तेव्हा नेटवर्क आजच्यासारखं भरवशाचं नव्हतं. त्यामुळे समोरचा सर्व्हर बंद असू शकतो हे त्यात धरलेलंच आहे. दोन सर्व्हर एकमेकांशी तीन आकडी कोडमध्ये बोलतात. त्यातला पहिला आकडा समजला तरी पुरे.

२ ने सुरू होणारा कोड म्हणजे घेतला. ४ ने सुरू होणारा म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने ये. ५ ने सुरू होणारा म्हणजे घेणार नाही, परत जा.

तुमचा सर्व्हर पूर्ण बंद असेल किंवा ४ चा कोड देत असेल, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. असं किमान ४ ते ५ दिवस करावं, असं नियम सांगतात. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात ५ दिवसांची आहे. एक्स्चेंजमध्ये मात्र ती २ दिवसांचीच असते. मुदत संपली की मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो.

म्हणजे शनिवारी रात्री बिघडलेल्या सर्व्हरचं सोमवारी सकाळी सगळं संपलेलं नसतं. हातात वेळ असतो, फक्त तो मोजलेला असतो.

खरा धोका ५ च्या कोडचा. अपडेटनंतर अर्धवट सेटिंगवर सर्व्हर चालू राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक मेलला 'असा पत्ताच नाही' म्हणून ५५० चा कोड देत बसला, तर ते मेल त्याच क्षणी परत जातात. म्हणूनच अर्धवट चालणाऱ्या सर्व्हरपेक्षा पूर्ण बंद सर्व्हर कधी कधी परवडतो. पोस्टफिक्समध्ये यासाठी 'सॉफ्ट बाउन्स' नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की तुमचा सर्व्हर ५ च्या जागी ४ चा कोड देतो, म्हणजे 'परत जा' ऐवजी 'नंतर ये'. दुरुस्ती चालू असेपर्यंत ती ठेवायची आणि काम झालं की आठवणीने काढायची.

पहिल्या तासात काय करायचं?

१. नेमकं काय बंद आहे ते विचारा. 'मेल बंद आहे' एवढ्याने काही कळत नाही. येणारे बंद की जाणारे? ऑफिसमधल्या ऑफिसात जातात का? ब्राउझरमध्ये दिसतात पण मोबाइलवर नाही, असं आहे का? जाणारे-येणारे दोन्ही बंद असतील तर वॉचमनकडे बघा. मेल येतायत पण उघडता येत नाहीत, तर पत्रपेटीकडे.

२. दोन वेळा लिहून काढा. शेवटचा मेल कधी आला आणि अपडेट कधी झालं. डेबियन किंवा उबुंटूवर काय काय आणि किती वाजता बदललं याची यादी सर्व्हर स्वतः ठेवतो. विंडोजमध्ये ती अपडेट हिस्टरीत मिळते. दोन्ही वेळा जुळल्या तर संशयित सापडला. जुळल्या नाहीत, तर अपडेटला उगाच दोष देऊ नका.

३. लॉग वाचा, पण शेवटून नको. अपडेटनंतरची पहिली चूक शोधा. पहिल्या चुकीमुळे पुढच्या शंभर चुका होतात आणि आपण शेवटचीच धरून बसतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसलं तर मशीन जागेवर आहे, पण ती सर्व्हिस चालू नाही. 'टाइम्ड आउट' दिसलं तर वाटेत अडथळा आहे, बहुतेक फायरवॉल. 'परमिशन डिनाइड' म्हणजे फाइलचा मालक किंवा परवानगी बदलली.

४. रांग मोजा. पोस्टफिक्सवर 'मेलक्यू' ही कमांड किती मेल थांबलेत आणि का, ते सांगते. एक्स्चेंजमध्ये त्यासाठी क्यू व्ह्यूअर आहे. हा आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर तो कमी व्हायला लागला की समजायचं, गाडी रुळावर आली.

५. डिस्कमध्ये जागा आहे का ते बघा. अपडेटच्या फाइली जागा खातात आणि डिस्क भरली की पोस्टफिक्स नवा मेल घेत नाही, ४५२ चा कोड देतो. कारण एवढं साधंही असू शकतं.

६. एका वेळी एकच बदल करा. सेटिंगच्या फाइलची आधी कॉपी ठेवा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि मेल चालू झाले, तर कशाने झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात.

अपडेटनंतर बहुतेक वेळा मोडतं काय?

*सेटिंगची भाषा बदलते.* ताजं उदाहरण डव्हकॉटचं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यासोबत डव्हकॉट २.४. या आवृत्तीला सेटिंगच्या फाइलमध्ये सगळ्यात आधी आवृत्तीची ओळ लागते. शिवाय मेल कुठे साठवायचे, सर्टिफिकेट कुठे आहे, अशा नेहमीच्या सेटिंग्जची नावंही बदलली. जुन्या फाइलवर ही आवृत्ती सुरूच होत नाही. मेल येत राहतात, पण कुणालाच उघडता येत नाहीत.

*चुकून जुनी सेटिंग पुसली जाते.* डेबियनमध्ये अपडेट करताना मध्येच एक प्रश्न येतो, 'तुमची फाइल ठेवायची की नवी घ्यायची?' घाईत 'नवी' निवडली की वर्षानुवर्षांच्या सेटिंग्ज बाजूला पडतात. पण त्या लगेच नष्ट होत नाहीत. त्याच फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी 'डीपीकेजी-ओल्ड' लावलेली जुनी फाइल असते. ती शोधा.

*सही करणारा उठतच नाही.* डीकिमची सर्व्हिस अपडेटनंतर सुरू झाली नाही, तर पोस्टफिक्स स्वतः ठणठणीत असूनही येणाऱ्याला 'नंतर ये' सांगत राहतो. आणि सही न करता मेल जायला लागले, तर ते समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत बरेच कडक झालेत.

*सर्टिफिकेट नवं, सर्व्हिस जुनी.* लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट बरेच जण वापरतात. त्याची मुदत अनेक वर्षं ९० दिवसांची राहिली आहे. ते आपोआप नवं होतं, पण मेलच्या सर्व्हिसला ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती जुनंच दाखवत राहते आणि मोबाइल कनेक्शन नाकारतो.

*जुनी मशीन मागे राहतात.* सर्व्हर अपडेट झाला की कधी कधी जुन्या पद्धतीची सुरक्षा बंद करतो. मग कोपऱ्यातला दहा वर्षं जुना प्रिंटर स्कॅन करून मेल पाठवायचा बंद होतो. स्वतःचा सर्व्हर नसलेल्यांनाही याचा फटका बसलाय. गुगलने ३० मे २०२२ पासून साध्या जीमेल खात्यांवर जुन्या अॅप्सचं निव्वळ पासवर्डवरचं लॉगिन बंद करायला घेतलं. त्यावर उपाय म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा वेगळा अॅप पासवर्ड बनवायचा आणि तो प्रिंटरमध्ये टाकायचा.

हे मात्र चुकूनही करू नका

रांग रिकामी करू नका. 'खूप मेल अडकलेत, म्हणून सर्व्हर स्लो झालाय' असं वाटून सगळी रांग डिलीट करणारे असतात. त्या रांगेत कुणाची ऑर्डर असते, कुणाचा टेंडरचा खुलासा, कुणाचं ऑफर लेटर. एकदा पुसलं की ते पाठवणाऱ्यालाही कळत नाही, कारण त्याच्या लेखी मेल पोचलेला असतो.

जुना स्नॅपशॉट विचार न करता परत टाकू नका. शनिवारचा स्नॅपशॉट सोमवारी टाकला, तर मधल्या दोन दिवसांत पेटीत आलेले मेलही गेले. आधी मेलचं फोल्डर आणि रांग वेगळीकडे कॉपी करा.

तपासणी बंद करून विसरू नका. १ जानेवारीचा तात्पुरता उपाय तात्पुरताच होता. मेल सुटले की तपासणी पुन्हा चालू.

आणि जागा करायची म्हणून लॉग उडवू नका. बिघाडाचं कारण त्यातच असतं. शिवाय सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत.

मग अपडेटच केलं नाही तर?

हा विचार येतोच. पण त्याचं उत्तर २ मार्च २०२१ ला मिळालंय. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंजमधल्या चार गंभीर त्रुटींसाठी तातडीचं अपडेट काढलं, कारण त्यातून हॅकर थेट सर्व्हरमध्ये शिरत होते. ज्यांनी अपडेट लांबवलं, त्यांच्यातल्या अनेकांचे सर्व्हर पुढच्या काही दिवसांत फोडले गेले. आता तर एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा नेहमीचा सपोर्टच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जुन्यावर तसंच बसून राहणं हा पर्याय नाही.

पर्याय आहे तो मेगाब्लॉकचा. ठाणे-कल्याणकरांना हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गासाठी ७२ तासांचा ब्लॉक होता. मे २०२४ च्या शेवटी ठाण्याच्या ५ नंबर प्लॅटफॉर्मच्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा. हाल झालेच, पण तारीख आधी माहीत होती आणि माणसं जागेवर होती. रोजचा छोटा ब्लॉक रेल्वे रविवारी घेते, कारण त्या दिवशी गर्दी कमी.

मेल सर्व्हरचंही तसंच करायचं. वेळ ठरवा, ऑफिसला आधी कळवा, संपूर्ण बॅकअप घ्या, अपडेटसोबतची बदलांची यादी वाचा, जमलं तर आधी दुसऱ्या मशीनवर करून बघा. डोंबिवली एमआयडीसीत अनेक कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. तिथे शुक्रवारी सकाळ हा चांगला मुहूर्त आहे, कारण काही मोडलंच तर दुरुस्तीला अख्खा दिवस हातात असतो. शनिवारी रात्री अपडेट मारून झोपायला जाणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त.

अपडेट संपल्यावर दोन मेल पाठवून बघा. एक ऑफिसमधून बाहेरच्या जीमेलवर, एक बाहेरून आत. जीमेलवर आलेल्या मेलचं 'शो ओरिजिनल' उघडून एसपीएफ आणि डीकिमसमोर 'पास' लिहिलंय का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. ते झाल्याशिवाय अपडेट 'झालं' म्हणायचं नाही.

आणि तुम्ही आयटीवाले नसाल तर?

तरीही तुमच्या हातात बरंच काही आहे. मेल बंद वाटला की आयटीवाल्याला शेवटचा मेल किती वाजता आला ते सांगा. मेल परत आला असेल तर त्या मेसेजचा पूर्ण स्क्रीनशॉट द्या, त्यातला ४ किंवा ५ चा कोड फार कामाचा असतो. महत्त्वाच्या पार्टीला फोन करून सांगा की सर्व्हर बंद आहे, तोपर्यंत दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. टेंडरची किंवा अर्जाची शेवटची तारीख जवळ असेल तर रांगेच्या भरवशावर बसू नका. सर्व्हर ५ दिवस थांबेल, टेंडर थांबणार नाही.

आणि आयटीवाल्यावर ओरडायच्या आधी एक विचारा, "रांगेत किती मेल आहेत?" त्याला आकडा सांगता आला, तर तो योग्य जागी बघतोय. मग त्याला एक चहा द्या आणि थोडा वेळही.